न विचारता दिलेले मार्क

सौंसर, ६ जुलै

प्रिय प्रवीण,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू पत्र न फोडता दुकानाच्या गल्ल्याखाली सारशील, म्हणून पत्ता शीतलकडून लिहून घेतला. तिचं अक्षर वीजबिलासारखं सरकारी आहे. फोडलंस म्हणजे युक्ती चालली. आता फोडलंच आहेस तर वाच.

तासाभराच्या रस्त्यावर राहणाऱ्या भावाला पोस्टाने पत्र लिहायचं, हे मलाही विचित्र वाटतं. त्यात आता आमचा जिल्हा तुझ्या गावाच्या नावाचा झाला. माझ्या प्रत्येक कागदावर मला पांढुर्णा लिहावं लागतं. तुला सौंसर लिहायचं काही कारण पडत नाही.

मी बरी आहे. गोळ्या घेते. झोप लागते. तीन वर्षांपूर्वी तू मला इथे सोडलंस तेव्हा फाटकाशी उभा राहून म्हणाला होतास, 'बरी झाली की घेऊन जाईन.' त्या वाक्याची आठवण करून देण्यासाठी हे पत्र नाही. सहज लिहिलं.

शीतल म्हणजे आमच्या निवासाची नवी वॉर्डन. वॉर्डन म्हटलं की तिचं नाक फुगतं, 'समन्वयक' म्हणायचं. वय सव्वीस, मे महिन्यात आली, भोपाळहून ट्रेनिंग घेऊन. आम्ही इथे चौदा जण. सगळ्यांचं डोकं कधी ना कधी जागेवरून सरकलेलं, आता गोळ्यांनी टेकू देऊन उभं केलेलं. प्रत्येकाला आपली खोली, आपली किल्ली, दोन वेळा नर्स, दोन वेळा केसरबाईच्या हातचा स्वयंपाक. दवाखाना नाही आणि घरही नाही, असं मधलं स्टेशन. बरेच जण इथे उतरले आणि राहिले.

शीतलने आल्या आल्या भिंतीवर टाइमटेबल लावलं. सोमवारी सामूहिक हसणं, मंगळवारी कॅरम, बुधवारी भजन, गुरुवारी कागदकाम, शुक्रवारी अंताक्षरी, शनिवारी 'मुक्त आनंद'. मुक्त आनंदाची वेळ चार ते पाच. सव्वीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला टाइमटेबलचं भय नाही, पण हसण्याचा पीरियड मी पहिल्यांदाच पाहिला.

आणि या सगळ्याने आमचं कल्याण किती झालं ते भोपाळच्या हेडऑफिसला कळावं म्हणून हिंदीत छापलेलं एक रजिस्टर आहे. दर हप्त्याला प्रत्येकाच्या नावापुढे एक ते पाच मार्क. एकावर रडकं तोंड छापलंय, पाचावर हसरं. अर्ध्या लोकांना वाचता येत नाही, म्हणून विचारून मार्क भरायचं काम माझ्याकडे आलं. "म्याडम, तुमी टीचर होत्या, तुमाले आदत हाय," शीतल म्हणाली.

पहिल्या हप्त्यात मी खरंच विचारत फिरले. गुणवंता म्हणून एक आहेत, पूर्वी बसवर कंडक्टर होते.

"गुणवंताभाऊ, या हप्त्यात कसं वाटलं?"

"कशाचं?"

"एकंदर."

"एकंदर म्हंजे कोन्त्या टायमाचं, म्याडम? सकाळचं अलग, दुपारचं अलग. सोमवारी शीतलम्याडम हसवते, तवा तर रडूच येते."

चौदा माणसांची अशी चौदा उत्तरं. पाच चौकटींत एकही बसेना. दुसऱ्या हप्त्यापासून मी निंबाखाली खुर्ची टाकली, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि जुन्या पद्धतीने तपासायला लागले. तुला ठाऊक आहे, बोर्डाच्या वेळी मी पहिलं पान पाहूनच पेपरचे मार्क सांगायची आणि ते चुकायचे नाहीत. माणसं तर रोज समोरच असतात. गुणवंताला तीन. त्यांना चार दिले असते, पण कॅरममध्ये स्ट्रायकर पुढे सरकवतात.

शकुबाईला पाच. ती साठीची आहे, तिगावकडची, जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचलेली. हसायला येत नाही, भजनाला येत नाही, स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून लसूण सोलते, डाळ निवडते. तिला डोक्यात आवाज येतात. हात चालू असले की ते मागे सरतात. चार वर्षांपूर्वी ती भाच्याकडे होती. घरचे सगळे कामावर, ही दिवसभर एकटी. गोळ्या बंद केल्या आणि एक दिवस जाऊन रुळावर बसली. गँगमनने उचलून आणलं. गाडीची वाट पाहून राहिली होती, म्हणाली.

ती कधी तक्रार करत नाही. तक्रार न करणाऱ्या पोरांना मी वर्गात नेहमी चांगले मार्क दिले. 'सहभाग' या रकान्यात मी 'उत्साही' लिहिते. रकाना रिकामा ठेवणं मला आयुष्यात जमलं नाही.

बस. दुकान चांगलं चालत असेल. पेरणीचे दिवस आहेत.

ताई

सौंसर, १७ ऑगस्ट

प्रिय प्रवीण,

उत्तर आलं नाही. येईल असं मी म्हटलंही नव्हतं, तरी पोस्टमनच्या सायकलीकडे पाहून राहिले एवढं खरं.

काल आमची जामसांवलीला सहल गेली. मिनीबस, प्रत्येकी एक केळं, एक समोसा आणि गळ्यात नावाची पाटी. हरवलो तर परत आणता यावं म्हणून. हनुमानाचं दर्शन झालं, पायऱ्यांवर फोटो झाला. शीतल म्हणून राहिली होती, "हसा, भोपाळवाले फोटो मांगून राहिले." गुणवंता माझ्या कानाशी म्हणाले, "म्याडम, मागच्या खेपेले घरच्यायनं मले इथं भूत काढाले आनलं होतं. या खेपेले फोटो काढाले. निघालं दोन्ही येळा काहीच नाही." मी इतकी हसले की फोटोत माझंच तोंड सगळ्यात मोठं आलं आहे. शकुबाई आली नव्हती. ती केसरबाईबरोबर थांबली. तिच्यापुढे मी सहलीलाही 'उत्साही' लिहिलं, नाहीतर बेरीज बिघडली असती.

सध्या मला खूप सुचतं. शीतलसाठी तीन नवी टाइमटेबलं करून दिली, निवासाचं एक प्रार्थनागीत लिहिलं, मंगळवारच्या कॅरमचे नियम सतरा कलमांत. तिने सगळं हातात घेतलं आणि म्हणाली, "म्याडम, आराम बी करत जा." मी आराम करते.

आता जे लिहायचं टाळून मी दोन पानं सहल केली ते लिहिते. प्रणालीचं, तुझ्या लेकीचं लग्न.

मंगलाष्टकं ताईच लिहील, हे तूच सगळ्यांना सांगितलं होतंस. मी पाच लिहिली, तू वाचलीस, तुझे डोळे भरले. मांडवात पाच झाली आणि मी माईक सोडला नाही. सहावं झालं, सातवं झालं. लोक आधी हसले, तिथेच घात झाला. नवव्यात विहीणबाईंचा दागिन्यांचा हट्ट आला. अकराव्यात व्याह्यांनी मागून घेतलेल्या गाडीचा नंबर मी शार्दूलविक्रीडितात बसवला. लोकांच्या मुठीतल्या अक्षता घामाने भिजल्या. प्रणाली अंतरपाटामागे उभी होती, तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि दिसला असता तरी मी थांबले नसते. त्या आधीच्या चार रात्री मी झोपले नव्हते आणि ते कोणाला सांगितलं नव्हतं. झोपेची गरजच उरली नाही असं वाटायचं.

डॉक्टरांना मी नंतर म्हटलं, वृत्त कुठेही चुकलं नव्हतं. ते म्हणाले, तोच तर आजार.

यातलं सगळं आजारानेच केलं असं मी म्हणणार नाही. गाडीचा नंबर मी साखरपुड्याच्या दिवशी, चांगली शुद्धीत असताना, पाठ केला होता.

एवढंच. माफी मागायची होती. मागितली असं धर.

ताई

सौंसर, ३१ ऑगस्ट

प्रवीण,

भोपाळहून निकाल लागला. बारा हप्त्यांच्या मार्कांची बेरीज करून चौदातले दोन जण 'घरवापसीस योग्य' ठरले. वाट पाहणाऱ्यांची यादी लांब असल्यामुळे दोन खोल्या मोकळ्या होतील याचा ऑफिसला विशेष आनंद झाला आहे. शीतलने पेढे वाटले. तिचा हा पहिला रिपोर्ट.

एक नाव शकुबाईचं. दुसरं तुला तुझ्या पत्त्यावर आलेल्या कागदात दिसेल. मी त्याबद्दल काही बोलत नाही. वाच आणि काय वाटतं ते कर.

ताई

सौंसर, ४ सप्टेंबर

प्रवीण,

तू शीतलला फोन केलास म्हणे. पित्तर आटोपले की, अठ्ठावीस तारखेला रविवारी, गाडी घेऊन येतोस. माडीवरची खोली रंगवून घेतोस. रंग कोणता ते विचारलंस म्हणे.

मी दिवसभर कोणाशी वाकडं बोलले नाही. गुणवंता जाऊन नर्सला सांगून आले, "म्याडमले ताप हाय का पाहा."

फिकट पिवळा चालेल.

सौंसर, ९ सप्टेंबर

प्रिय प्रवीण,

आज शकुबाईचा भाचा आला होता, गौतम. मला वाटलं होतं, आढेवेढे घेणारा माणूस असेल. तसा असता तर मला सोपं गेलं असतं. हा तर नवी चप्पल घेऊन आला, मावशीच्या मापाची.

"म्याडम, चार वर्सं झाले, मावशीले इथं सोडून गेलो तवापासून मले जेवन गोड लागलं नाही," म्हणाला. "आता कागदावरच आलं ना! बारा हप्ते, पाचपैकी पाच. माह्या पोरीले बी इतके नाही भेटत."

मी विचारलं, "दिवसा घरी कोण असतं?"

"कोनीच नाही. मी पांढुर्ण्याले कामावर, बायको आंगनवाडीत, पोरगी शाळेत. पन आता तिले कोनाची गरज नाही ना. कागदच सांगून राहिला."

त्याने खाट विणून घेतली आहे. रविवारी, अठ्ठावीसलाच, नेतो म्हणाला. डोळे पुसत गेला.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघराकडे गेले. शकुबाई पायरीवर नव्हती. आपल्या खोलीत जमिनीवर बसली होती, समोर दोन लुगडी आणि बाबासाहेबांची तसबीर एका फडक्यात बांधलेली. अठ्ठावीस तारखेला एकोणीस दिवस आहेत, प्रवीण. हात मांडीवर नुसते ठेवलेले. तीन वर्षांत तिचे रिकामे हात मी पाहिले नव्हते.

"म्याडम, मी पास झाली म्हनते."

"हो ना."

"मंग पेपर कवा देल्ला मी?"

मी काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, "दिला होता, शकुबाई. तुम्हाले याद नसंन."

तिने थोडा विचार केला. "असंन, बाप्पा," म्हणाली. "माहं डोकंच तसं हाय."

नवी चप्पल तिने पायात घालून पाहिली नव्हती. कोपऱ्यात तिच्या कागदी पुडक्यातच होती.

मी माझ्या खोलीत येऊन हे लिहून राहिले. शीतलचं ऑफिस माझ्या खोलीपासून अकरा पावलांवर आहे. मी तिथे गेलेली नाही. का गेले नाही ते तुला पुढच्या वेळी लिहीन, किंवा लिहिणार नाही.

ताई

सौंसर, १८ सप्टेंबर

प्रिय प्रवीण,

हे पत्र पुरं वाच. मधेच टाकलंस तरी हा पहिला परिच्छेद वाच: तुझ्याकडे आलेल्या कागदावर माझ्या नावापुढे बारा वेळा पाच आहेत ते मी स्वतः, माझ्या पेनाने, मला दिले आहेत. कोणी विचारले नव्हते आणि कोणी तपासले नव्हते. ते दिले तुला कागद जावा म्हणून. बाकीच्यांना अंदाजाने दिले, आळसाने दिले. मला हिशेबाने दिले.

त्यातला एक हप्ता ऑगस्टचा. जामसांवलीचं पत्र लिहिलं तो. तीन रात्री मी झोपले नव्हते. तरी झोप लागते असं नर्सला खोटं सांगितलं आणि रजिस्टरात हसरं तोंड.

अकरा पावलं चालायला मला चार दिवस लागले. चार दिवस मी स्वतःला समजावलं. गौतम चांगला आहे, खाट विणली आहे, लसूण काय तिगावलाही मिळतो. मी बी.एड. आहे, मला स्वतःला समजावता येतं. पण शकुबाई पायरीवर यायची थांबली होती. केसरबाईने निवडायची डाळ सुपात घालून तिच्या खोलीत नेऊन दिली तर म्हणाली, "आता मी बरी हाय, मले काम नोको सांगू." पाचव्या दिवशी सकाळची गोळी तिच्या उशीखाली सापडली. नर्सने विचारलं. तिचं उत्तर: "पास झालेल्यायले बी लागते का?"

मी शीतलकडे गेले. सगळं सांगितलं. तिने रजिस्टर काढलं आणि एकेक पान उलटत विचारत गेली. "हे?" खोटं. "हे?" तेही. "गुणवंताभाऊचे तीन?" ते स्ट्रायकरमुळे. शेवटी माझ्या नावावर बोट ठेवलं.

"आन् तुमचे?"

"माझे सगळ्यात जास्त."

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर मला दोन शब्द सुचले असते. ती म्हणाली, "म्याडम, मी सगळ्यायले सांगत होती, आमच्या इथं टीचर हाय, सगळं पक्कं हाय." मग बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसली.

त्याच दुपारी तिने भोपाळला कळवलं. दोन्ही नावं रद्द. तिला काय ऐकावं लागलं ते तिने मला सांगितलं नाही. एवढंच कळलं की या सोमवारी सामूहिक हसणं झालं नाही. नर्सला मी ऑगस्टचं खरं सांगितलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली आहे. सकाळी जीभ जरा जड असते. इथल्या लोकांना तो आराम वाटतो.

गौतमला फोन मी केला, तो माझा भाग होता. मार्क कोणी दिले, कसे दिले, गोळी कुठे सापडली, सगळं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्याडम, तुमी चांगलं नाही केलं." मी म्हटलं, नाही केलं. "रविवारी येतो मी," म्हणाला. "न्याले नाही. पन येतो."

शकुबाईला सांगणं राहिलं होतं. मी तिच्या खोलीत गेले, फडक्यातल्या पोटलीशेजारी बसले. म्हटलं, "शकुबाई, तुम्ही पेपर दिलाच नव्हता. मी खोटं बोलली. तुमचं डोकं बराबर होतं, तुम्हाले बराबर याद होतं."

"मंग मी नापास झाली?"

"नाही. पेपरच नाही झाला."

"म्हंजे इथंच राहू?"

"इथंच."

तिने पोटली सोडली, तसबीर पहिल्या जागी खिळ्याला लावली, वाकडी लागली तर सरळ केली, आणि तिथूनच केसरबाईला हाक दिली, "आज भाजी कोन निवडून राहिलं? मातीच खाऊ घालशील सगळ्यायले!"

आता तुझं. गाडी आणायची तर आण, पण मला न्यायला नको. खोली रंगवली असेल तर राहू दे. ती वाया गेली म्हणून तुला राग येईल, आणि तो येऊ दे. या वेळी राग माझ्या खरं बोलण्यावर असेल, मी तो सोसू शकते. मला तुझ्याकडे यायचं नाही असं नाही. मला अजून माझाच भरवसा नाही, आणि तुझ्या बायकोने माझी झोप मोजत बसावं असं वाटत नाही. शीतलने सांगितलंय, डिसेंबरात डॉक्टर स्वतः तपासतील. त्यांच्या हातात पेन असेल.

रजिस्टर शीतलने पुन्हा माझ्याकडेच दिलं आहे. शिक्षा म्हणून दिलं की भरवसा म्हणून, ते मी विचारलं नाही. फक्त चौकटी खोडल्यात तिने. आता लोक काय म्हणतात ते लिहायचं, आणि ज्याचं त्याला वाचून दाखवायचं. आज सुरुवात केली. शकुबाईपाशी पायरीवर बसून विचारलं, हा हप्ता कसा गेला.

तिने पाऊण तास सांगितलं. सोमवारी बरं होतं. मंगळवारी डोक्यात आवाज आला, पण केसरबाई नवऱ्यावर इतकी जोरात बोलून राहिली होती की आवाजाचं ऐकूच आलं नाही. बुधवारी पाय दुखला. गौतमची पोरगी फोनवर आजी म्हणाली, कोणत्या दिवशी ते आठवत नाही, पण म्हणाली. चप्पल थोडी चावते. मी सगळं लिहिलं, वाचून दाखवलं. तिने मान हलवली आणि मलाच विचारलं, "आन् तुमचा, म्याडम?"

माझ्या तोंडी एक झणझणीत उत्तर तयार झालं होतं. चांगलं होतं. मी ते गिळलं.

"भावाची वाट पाहून राहिली," मी म्हटलं. "आन् तो न्याले आला तर, याचं भेव वाटून राहिलं. दोन्ही."

"मंग असंच लिवा ना त्याले," शकुबाई म्हणाली. "काहून घुमवून राहिल्या?"

असंच लिहिलं आहे.

ताई